नागपूरचा तो रविवार

पाऊस ओसरलाय. नेवासे तालुक्यातली काळी माती बैलगाडीच्या चाकांना चिकटतेय. साल १९०८. तुमच्या अंगात पैरण आहे, डोक्याला रुमाल आहे, आणि गाडीवान मघापासून तुमच्याकडे तिरप्या नजरेनं बघतोय. शेवटी न राहवून विचारतोच.

"पाव्हणं, कुठलं म्हणायचं?"

"मुंबई."

"ते कळलं हो. मिशन कुठलं?"

तुम्ही गप्प बसता. तुमच्या काळात समोरचा ख्रिस्ती आहे एवढं कळलं, की बहुतेकांची चौकशी संपते. इथं खरी चौकशी तिथूनच सुरू होते. गाडीवान वडाळ्याच्या मंडळीतला, म्हणजे अमेरिकन मराठी मिशनचा. थोरली लेक नाशकाला दिलेली, ती आता चर्च मिशनरी सोसायटीची, म्हणजे इंग्लंडच्या बिशपवाल्या चर्चची झाली. धाकटी कोल्हापूरकडं दिली. तिथलं मिशनही अमेरिकन, पण वेगळं, प्रेस्बिटेरियन. मेहुणा जालन्याला, तो स्कॉटलंडवाल्यांचा.

"एका घरात चार मिशनं," तो म्हणतो. "लग्नात गाणी तेवढी समद्यांची एक."

यातलं एकही मिशन त्यानं किंवा त्याच्या लेकींनी निवडलेलं नाही. एका मिशनच्या मुलखात दुसऱ्यानं शिरू नये, असा मिशनरी संस्थांचा आपसातला समझोता होता. अमेरिकन मराठी मिशन १८१३ मध्ये मुंबईत उतरलं आणि १८३१ मध्ये नगरला आलं. नागपूर आणि जालना स्कॉटिश फ्री चर्चकडे, नाशिक चर्च मिशनरी सोसायटीकडे, तर कोल्हापूर १८७० पासून प्रेस्बिटेरियनांकडे. भांडणं टाळायला वाटणी सोयीचीच होती. पण तिचा परिणाम असा झाला, की मराठी ख्रिस्ती माणसाचा पंथ त्याच्या तालुक्यावरून ठरू लागला. नगरात तर हा समझोताही पाळला गेला नाही. एसपीजी नावाची दुसरी अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्याच चर्चची, संस्था तिथं आली आणि एकाच जिल्ह्यात दोन प्रकारचे ख्रिस्ती झाले.

संध्याकाळी तुम्ही वडाळ्याच्या उपासनेला बसता. नारायण वामन टिळकांचं पद चाललंय, टाळ वाजतायत. इथला पाळक मंडळीनं निवडलेला आहे. त्याच्यावर बिशप नाही, आणि असावा असं इथं कुणाला वाटतही नाही. गाडीवान तुमच्या कानाशी येऊन थोरलीची गोष्ट सांगतो. ती लग्नाआधी इथं प्रभुभोजन घ्यायची. नाशकाला गेल्यावर तिथल्या पाळकसाहेबांनी नियम दाखवला. आधी दृढीकरण, म्हणजे बिशपनं डोक्यावर हात ठेवायचा, मग प्रभुभोजन. पोरीनं बापाला विचारलं, "आण्णा, मग इथं घेतलं ते काय व्हतं?"

त्याला उत्तर देता आलं नाही. युरोपातले भलेभले पंडितही त्या एका प्रश्नापाशी तीन-साडेतीनशे वर्षं अडले होते. कुणाच्या हाताला अधिकार आहे? बिशपच्या, की मंडळीनं निवडलेल्या वडीलजनांच्या? पाळकाला दीक्षा देणारा हात प्रेषितांपासून अखंड चालत आलेला असला पाहिजे, की देवाचं बोलावणं पुरेसं आहे? पुढचा सगळा प्रवास तुम्ही या हातांकडे बघतच करणार आहात.

*

जून १९१०. एडिंबरा. रुमालाच्या जागी आता हॅट आहे आणि स्कॉटलंडचा उन्हाळा आपल्या डिसेंबरसारखा गार आहे. 'माउंड' नावाच्या चढावरच्या असेंब्ली हॉलमध्ये जागतिक मिशनरी परिषद भरली आहे. तुम्ही गॅलरीत आहात. खाली सुमारे बाराशे प्रतिनिधी बसलेत आणि अध्यक्षस्थानी अमेरिकन संघटक जॉन मॉट. तुम्ही सवयीनं आपल्यासारखे चेहरे शोधता. अख्ख्या सभागृहात युरोप-अमेरिकेबाहेरचे प्रतिनिधी जेमतेम वीस. रोमन कॅथलिक आणि ऑर्थोडॉक्स चर्चचं तर कुणीच नाही.

चर्चेत बोलायला प्रत्येकाला सात मिनिटं मिळतात. सात मिनिटं झाली की घंटा, मग बोलणारा कितीही मोठा असो. आणखी एक अट आहे. श्रद्धेचे आणि चर्चच्या व्यवस्थेचे वादाचे मुद्दे इथं काढायचे नाहीत. या अटीवरच काही अँग्लिकन मंडळी आली आहेत. म्हणजे सहकार्यावर हवं तितकं बोलावं, पण गाडीवानाच्या लेकीचा प्रश्न सभेपुढं ठेवता येणार नाही.

मग चेंग जिंगयी नावाचा अठ्ठावीस वर्षांचा चिनी तरुण उभा राहतो आणि आपल्या सात मिनिटांत ती अट बाजूला सारतो. पंथांच्या भेदात चिनी ख्रिस्ती माणसाला कधी गोडी वाटली नाही, त्यातून त्याला काही मिळालंही नाही, आणि पंथभेद नसलेलं एकच चर्च लवकर पाहायला मिळावं ही आमची आशा आहे, असं तो शांतपणे सांगतो. खाली काही माना डोलतात, काही चेहरे दगडासारखे होतात.

त्याच आठवड्यात संध्याकाळच्या सभेत तिरुनेलवेलीकडचा पस्तिशीतला एक माणूस बोलायला उभा राहतो. वेदनायगम सॅम्युएल अझरिया. गावातल्या पाळकाचा मुलगा. १९०५ मध्ये भारतीय माणसांनी, भारतीय पैशावर चालवायची नॅशनल मिशनरी सोसायटी काढणाऱ्यांपैकी एक. तो पंथांबद्दल बोलत नाही. गोरा मिशनरी आणि काळा कार्यकर्ता यांच्यातल्या अंतराबद्दल बोलतो. तुम्ही पैसा दिलात, कष्ट दिलेत, प्राणही दिलेत, त्याबद्दल पिढ्यान्‌पिढ्या ऋणी राहू. पण आम्हाला मित्र द्या, असं त्याच्या म्हणण्याचं सार आहे. गॅलरीत तुमच्या शेजारचे गृहस्थ खुर्चीत चुळबुळ करतात.

या दोन भाषणांनी एकीचे दोन वेगळे प्रश्न मांडले. चेंगचा प्रश्न चर्च आणि चर्च यांच्यातला होता, अझरियांचा माणूस आणि माणूस यांच्यातला. पुढच्या शंभर वर्षांत पहिल्यासाठी समित्या बसल्या, मसुदे झाले, करार झाले. दुसऱ्यासाठी समिती नेमून भागत नाही, म्हणून तो बराचसा तसाच राहिला.

*

१ मे १९१९. बंगालच्या उपसागराच्या काठी तरंगंबाडी. इंग्रज तिला ट्रांकेबार म्हणतात. घामानं सदरा पाठीला चिकटलाय. समोर डॅनिश लोकांचा जुना किल्ला, आणि याच किनाऱ्यावर १७०६ मध्ये बार्थोलोमेउस त्सीगेनबाल्ग आणि हाइनरिश प्ल्युत्शाव हे भारतातले पहिले प्रॉटेस्टंट मिशनरी उतरले होते. तिकडे जालियनवाला बागेला अजून तीन आठवडेही झालेले नाहीत.

खोलीत तेहतीस माणसं आहेत. दोन सोडली तर सगळी भारतीय. बोलावणारे अझरियाच, पण आता ते बिशप आहेत. १९१२ मध्ये अभिषेक झालेले अँग्लिकन परंपरेतले पहिले भारतीय बिशप. दुसऱ्या बाजूला साऊथ इंडिया युनायटेड चर्चचे लोक. दक्षिणेतल्या बिशप नसलेल्या प्रेस्बिटेरियन आणि काँग्रिगेशनल मंडळ्या १९०८ मध्येच एक झाल्या होत्या. अजून बिशपवाले आणि बिशप नसलेले एकत्र यायचे होते, आणि जगात कुठंही ते आलेले नव्हते.

तुम्ही मागच्या बाकावर बसून ऐकताय. इथं घंटा नाही आणि वादाचे मुद्दे काढायचे नाहीत अशी अटही नाही. दुसऱ्या दिवशी जे निवेदन तयार होतं, त्यात ही माणसं साफ सांगतात, की हे भेद आम्ही निर्माण केलेले नाहीत, ते बाहेरून आमच्यावर आले आणि आम्हाला ते पुढं चालवायचे नाहीत. इंग्लंडच्या राजाचं पोपशी काय बिनसलं, स्कॉटलंडच्या लोकांनी बिशप का हाकलले, याचा हिशोब तिरुनेलवेलीच्या शेतकऱ्यानं का चुकता करावा?

पण खरी करामत पुढं आहे. बिशपचं पद राहावं, हे बिशप नसलेल्यांनी मान्य केलं. बिशप का असावा, याचं एकच उत्तर सगळ्यांनी मानलं पाहिजे, हे मात्र मान्य केलं नाही. ज्याला ते पद प्रेषितांपासून आलेलं वाटतं त्यानं तसं मानावं, ज्याला ती कारभाराची सोय वाटते त्यानं तसं मानावं. बिशपवाल्यांनीही मंडळीचा अधिकार आणि सर्व विश्वासी देवापुढं सारखे आहेत हे तत्त्व उचललं. व्यवस्था एक, तिची कारणं ज्याची त्याला. वाद मिटला नव्हता, पण एका छपराखाली राहण्याआधी तो मिटलाच पाहिजे हा हट्ट त्यांनी सोडला होता.

पुढच्याच आठवड्यात एक फेरा मुंबईला मारा. ९ मे १९१९ ला नारायण वामन टिळक तिथं वारले. दोन वर्षांपूर्वी त्यांनी मिशनचा पगार सोडला, संन्यास घेतला आणि साताऱ्याला 'देवाचा दरबार' काढला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही ख्रिस्ताचे शिष्य म्हणून जागा होती. तरंगंबाडीचे लोक बिशपवाले आणि बिनबिशपवाले यांच्यातली भिंत ठेंगणी करत असताना टिळकांनी चर्चची बाहेरची भिंतच काढायला घेतली होती. दरबार त्यांच्यामागं फार टिकला नाही. त्यांची पदं मात्र 'उपासना संगीत'मधून मराठी प्रॉटेस्टंटांच्या जवळजवळ प्रत्येक मंडळीत पोहोचली. गाडीवान म्हणाला होता ते खरंच होतं. मराठी ख्रिस्ती माणसं कागदावर एक होण्याच्या कितीतरी आधी भजनात एक झाली होती.

*

२७ सप्टेंबर १९४७, शनिवार. मद्रास. स्वातंत्र्याला सहा आठवडे झालेत. पंजाबात माणसं कापली जातायत, देश दोन झालाय आणि इथं सेंट जॉर्ज कॅथीड्रलमध्ये लोक एक व्हायला जमलेत. तुम्हाला आत जागा मिळणं अवघड. खांबाला टेकून उभे राहा.

तरंगंबाडीपासून इथवर यायला अठ्ठावीस वर्षं लागली. अझरिया आज नाहीत, १ जानेवारी १९४५ ला ते गेले. विरोध दक्षिणेत कमी आणि दूर लंडनमध्ये जास्त होता. कवी टी. एस. एलियट यांनी १९४३ मध्ये या योजनेविरुद्ध पुस्तिका लिहिली होती. ही एकी म्हणजे चर्चचा नाश, असा तिचा सूर. त्रावणकोर-कोचीनचे बिशप सी. के. जेकब जाहीर करतात, की तीन चर्चेस आता एक झाली आहेत. चर्च ऑफ साऊथ इंडिया. सुमारे दहा लाख माणसं. अँग्लिकन, मेथॉडिस्ट, प्रेस्बिटेरियन, काँग्रिगेशनल अशा परंपरा चर्चच्या इतिहासात पहिल्यांदाच एका बिशपव्यवस्थेखाली आल्या.

आता हातांकडे बघा. आज नवे बिशप अभिषिक्त होतायत. त्यांत सदतीस वर्षांचे लेस्ली न्यूबिगिन आहेत, मूळचे स्कॉटलंडच्या चर्चचे मिशनरी. ज्या परंपरेनं बिशप नाकारले तिच्यातला माणूस गुडघे टेकतोय आणि बिशप त्याच्या डोक्यावर हात ठेवतायत. पण जुन्या पाळकांचं काय? त्यांच्यावर नव्यानं कुणीही हात ठेवत नाही. ज्याला बिशपनं दीक्षा दिली तोही पाळक, ज्याला वडीलजनांनी दिली तोही पाळक. यापुढची दीक्षा मात्र सगळी बिशपच्या हातून. दोन्ही प्रकारचे पाळक तीस वर्षं शेजारी शेजारी काम करतील, आणि एखाद्या मंडळीच्या मनाला जो पाळक पटत नाही तो तिच्यावर लादला जाणार नाही, असं वचनही दिलं गेलं. एक अख्खी पिढी अडचणीत काढायची तयारी ठेवून त्यांनी ही गाठ मारली.

*

आणि आता २९ नोव्हेंबर १९७०. आगमनकाळाचा पहिला रविवार. नागपूर.

अंगात टेरिलीनचा शर्ट आहे, सकाळचा गारवा आहे, रस्त्याच्या कडेला संत्र्यांचे ढीग लागलेत. रिक्षावाल्यानं तुम्हाला सदरात ऑल सेंट्स कॅथीड्रलच्या फाटकाशी सोडलं. आवारातल्या मैदानात माणसंच माणसं. दिल्लीचा कोट, ओडिशाची साडी, छत्तीसगडची बोली, नगरची टोपी. देशाच्या मधोमध म्हणून नागपूर निवडायला सोयीचं, पण मराठी माणसाला यात आपलंही काही आहे असं वाटलं तर चूक नाही.

जागा धरा आणि शेजाऱ्यांशी बोला. डाव्या हाताचे गृहस्थ डहाणूकडचे, चर्च ऑफ द ब्रेदरनचे. त्यांच्याकडं बाप्तिस्मा फक्त जाणत्या माणसाला. तोही पाण्यात गुडघ्यावर बसवून, पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावानं तीनदा पुढं बुडवून. प्रभुभोजनाआधी ते एकमेकांचे पाय धुतात आणि मग एकत्र जेवतात. उजवीकडच्या बाई कोल्हापूरच्या, युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडियाच्या. त्यांचा बाप्तिस्मा आईच्या मांडीवर असताना झाला, कपाळावर चार थेंब शिंपडून.

"मी तर तेव्हा झोपले होते म्हणे," बाई हसून सांगतात.

डहाणूचे गृहस्थही हसतात, पण थोडं जपूनच. कारण त्यांच्या लेखी झोपलेल्या बाळाचा बाप्तिस्मा हा बाप्तिस्माच नव्हे. त्यांच्या पूर्वजांनी अठराव्या शतकात जर्मनीत याच मतापायी छळ सोसला आणि शेवटी समुद्र ओलांडला. हे मत सोडा, असं त्यांना आज कुठल्या तोंडानं म्हणायचं?

दक्षिणेपेक्षा उत्तरेचं काम इथंच अवघड होतं. बोलणी १९२९ पासून चालली होती, लखनौपासून. आज एकत्र येणारी चर्चेस सहा. अँग्लिकनांचं चर्च ऑफ इंडिया, पाकिस्तान, बर्मा अँड सिलोन. १९२४ साली प्रेस्बिटेरियन आणि काँग्रिगेशनल मिळून झालेलं युनायटेड चर्च, ज्यात नगरची मंडळीही आली. उत्तर भारतातल्या बॅप्टिस्ट मंडळ्या. ब्रेदरन. ब्रिटिश आणि ऑस्ट्रेलियन परंपरेचे मेथॉडिस्ट. आणि डिसायपल्स ऑफ ख्राइस्ट. दक्षिणेत एकट्या बिशपचा प्रश्न होता. इथं त्यात पाण्याचाही प्रश्न मिसळला.

त्यावर त्यांनी काढलेला तोडगा त्या दोन शेजाऱ्यांकडे बघतच समजून घ्या. नव्या चर्चमध्ये दोन्ही रीती चालतील. आईबाप बाळाला बाप्तिस्म्याला आणू शकतात, मग मोठं झाल्यावर त्यानं आपल्या तोंडानं कबुली द्यायची. किंवा बाळासाठी नुसती प्रार्थना करायची आणि बाप्तिस्मा जाणत्या वयात. लहानपणी बाप्तिस्मा झालेला माणूस पुढं पुन्हा पाण्यात उतरायचं म्हणाला तर काय, या एका मुद्द्यावर वर्षानुवर्षं खल झाला. एका बाजूला तो दुसरा बाप्तिस्मा वाटतो, दुसऱ्या बाजूला पहिलाच. डहाणूच्या गृहस्थांनी कोल्हापूरच्या बाईंचे चार थेंब खरे मानले असतील असं नाही. पण त्या थेंबांसह बाई आपल्या घरच्या आहेत, एवढं मानून ते आज इथं बसलेत.

मग हातांचा क्षण येतो. दक्षिणेनं जुन्या पाळकांना हात न लावता सामावून घेतलं होतं. उत्तरेनं उलटा मार्ग धरला. सहाही चर्चेसच्या पाळकवर्गाचे प्रतिनिधी पुढं येतात. प्रार्थना होते आणि एकमेकांच्या डोक्यावर हात ठेवले जातात. बिशपच्या डोक्यावर बिशप नसलेल्यांचे हात, बिशप नसलेल्यांच्या डोक्यावर बिशपचे. ही नव्यानं दीक्षा आहे का? योजनेत स्पष्ट लिहिलंय, की आधीची दीक्षा नाकारायची नाही. मग हे काय आहे? ज्याला जे काही अजून हवं असेल ते देवानं द्यावं, अशी मागणी आहे. कुणाकडं काय कमी होतं, हे कुणीच कुणाला सांगत नाही.

टीकाकार याला पळवाट म्हणाले, आणि काटेकोर विचार केला तर ते अगदीच चूक नव्हते. पण तुम्ही मैदानात उभे राहून बघताय. साडेतीनशे वर्षं 'तुझ्या हाताला अधिकार नाही' असं एकमेकांना सुनावणारी माणसं त्याच हाताखाली वाकतायत. कागदावर जे संदिग्ध होतं, त्यात गुडघे टेकताना कसलीही संदिग्धता नव्हती. थोरल्या लेकीला नाशकात जे उत्तर मिळालं नव्हतं, त्याच्या जवळपास जाणारं काहीतरी नागपुरात झालं.

सगळेच मात्र आले नाहीत. अमेरिकन परंपरेतलं मेथॉडिस्ट चर्च इन सदर्न एशिया वर्षानुवर्षं बोलण्यांत होतं आणि ऐन वेळी, काही महिने आधी, मागं फिरलं. कॅथलिक बाहेर, लुथरन बाहेर, पेंटेकोस्टल बाहेर. उपासना संपल्यावर माणसं गटागटानं बोलत राहतात. चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचं ब्रीद ठरतं: एकता, साक्ष, सेवा. पहिले मॉडरेटर, म्हणजे प्रमुख, होतात दिल्लीचे एरिक नासिर. चारच आठवडे आधी, १ नोव्हेंबरला, सीमेपलीकडे चर्च ऑफ पाकिस्तानही असंच एकत्र येऊन उभं राहिलंय.

*

इथंच प्रवास थांबवला असता तर गोष्ट गोड झाली असती. पण अजून एक मुक्काम बाकी आहे. साल २०१३, दिल्ली, सर्वोच्च न्यायालय.

गुजरातेतल्या ब्रेदरन मंडळीच्या मालमत्तांचा दावा कित्येक वर्षं चालला होता. एकत्र येण्याचा ठराव झाला म्हणून जमीन आणि इमारती आपोआप चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या झाल्या का? न्यायालयानं नाही म्हटलं. नोंदणीकृत संस्था आणि सार्वजनिक न्यास विसर्जित करायची कायद्यानं ठरवून दिलेली पद्धत असते. ती पाळली नाही, तर नुसत्या ठरावानं मालमत्ता हलत नाही. डोक्यावर हात ठेवून झाले होते, पण सातबारा जागचा हलला नव्हता.

त्याच वर्षी जानेवारीत जगभरच्या चर्चेसनी ख्रिस्ती ऐक्यासाठीच्या प्रार्थना सप्ताहात जी उपासना वापरली, तिचा मजकूर भारतात तयार झाला होता. तो स्टुडंट ख्रिश्चन मूव्हमेंट ऑफ इंडियाच्या पुढाकारानं लिहिला गेला आणि त्याचा गाभा होता दलित ख्रिस्ती माणसाचा अनुभव. मीखा संदेष्ट्याच्या पुस्तकातला सवाल, देव आपल्याकडून काय मागतो, हा त्याचा विषय. पंथ एक झाले तरी जात वेगळी राहिली, तर ती कसली एकी, असा रोख. एडिंबऱ्यात अझरियांनी विचारलेला प्रश्न शंभर वर्षांनी भारतानं जगापुढं पुन्हा ठेवला, पण या वेळी बोट गोऱ्या मिशनऱ्याकडे नव्हतं, आपल्याकडेच होतं.

नगर, नाशिक, वसई, सोलापूर, कुठलंही मराठी गाव घ्या. चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचं देऊळ एका गल्लीत, कॅथलिक दुसऱ्या, मेथॉडिस्ट तिसऱ्या, आणि दर चार वर्षांनी एक नवी स्वतंत्र मंडळी एखाद्या भाड्याच्या हॉलमध्ये. लग्न जुळवताना मिशनऐवजी आता डिनॉमिनेशन विचारतात आणि त्याआधी, हळू आवाजात, जात.

या सगळ्या प्रवासातून माझं मत एवढंच झालं आहे. नागपूरच्या लोकांनी क्रम उलटा केला, तो बरोबर होता. आधी सगळं पटू दे, मग एकत्र बसू, असं ते म्हणत राहिले असते तर आजही म्हणतच असते. त्यांनी आधी मांडी घातली आणि मग वाद चालू ठेवला. चुकले ते दोन ठिकाणी. कायद्याच्या बाजूला त्यांनी पुरेसा वेळ दिला नाही, आणि पंथ जुळले की माणसं जुळतील असं धरून चालले. पहिली चूक वकिलांच्या मदतीनं दुरुस्त होते. दुसरी आपल्याला करावी लागेल.

दरवर्षी १८ ते २५ जानेवारी हा प्रार्थना सप्ताह असतो. त्यातल्या एखाद्या दिवशी आपलं चर्च सोडून गावातल्या दुसऱ्या चर्चमध्ये जाऊन बसा. पदं ओळखीचीच असतील. उपासना झाली की तिथल्या कुणाला तरी घरी जेवायला बोलवा, आणि बोलावताना त्याचं आडनाव विचारू नका.